बाजारात उभं राहून ओळखायचं कसं : कोणती मासळी घ्यावी, कोणती सोडावी?

प्रश्न
पाटावरवंटा, ठाणे

चौघांचं घर, आठवड्यातून दोनदा मासळी, एका वेळी किलो-सव्वा किलो. आतापर्यंतची निवड फक्त ताजेपणावर: कल्ले लालभडक, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलं तर खळगा लगेच भरून येणारा. तेवढं जमतं. पण ताजी मासळी म्हणजे समुद्राला न ओरबाडता आणलेली मासळी नव्हे. ती कशी ओळखायची ते शिकायचं आहे. मासे खाणं सोडायचं नाही. आपल्या पैशाने चुकीची मासेमारी पोसली जाऊ नये एवढंच मनात आहे.

नेमकं असं विचारायचं आहे. तळहातावर मावणारी पापलेटं वाट्याने मिळतात, ती पिल्लं समजायची का, आणि किती मोठं पापलेट घेतलं म्हणजे चालेल? गाभोळी (पोटात अंडी) असलेला मासा घेणं चूक आहे का? जून-जुलैत बंदी असतानाही बाजार भरलेला दिसतो, ती मासळी येते कुठून? कोळंबी तळ्यातली बरी की समुद्रातली? आणि परदेशात असतं तसं विश्वासार्ह लेबल आपल्याकडे आहे का?

उत्तर १
सागरगोटा

सुरुवात मापापासून करा. कुठलं बंदर, कुठलं जाळं, कधी पकडला, हे सगळं विकणारा सांगेल त्यावर ठरतं. मासा किती लांब आहे हे मात्र तुम्हाला स्वतःला दिसतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिलं. त्यामागे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा (सीएमएफआरआय) अभ्यास आहे. त्याच महिन्यात रुपेरी पापलेट राज्यमासाही झालं. नेहमीच्या खरेदीतली मापं अशी: पापलेट १३५ मिमी, बांगडा ११०, हलवा १७०, बोंबील १८०, सुरमई ३७०, घोळ ७००. याहून लहान मासा बाजारात असणंच बेकायदा, तेव्हा घ्यायचा नाही.

पण इथेच बरेच जण फसतात. १३५ मिमी भरलं की पापलेट 'मोठं' झालं असं समजतात. हा आकडा म्हणजे कायद्याने घातलेला तळ आहे, मासा वयात आल्याची खूण नाही. पापलेट पहिल्यांदा अंडी धरतं ते साधारण २० सेंटिमीटरच्या पुढे. सुरमई ७० सेंटिमीटरच्या आसपास, बांगडा १८-१९ला. म्हणजे कायद्यात बसणारी दीड-दोन फुटी सुरमईसुद्धा एकदाही न व्यायलेली पोर असू शकते. आपल्यासारख्या खाणाऱ्यांनी कायद्याच्या एक पायरी वर उभं राहायला हवं, आणि त्यासाठी पट्टी न्यायची गरज नाही, वीत पुरते.

आपली वीत घरी एकदा फूटपट्टीवर मोजून ठेवा. मोठ्या माणसाची साधारण २० ते २२ सेंमी भरते. पापलेट तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत वीतभर हवं. वजनात सांगायचं तर पाव किलोच्या आतलं घेऊ नका. खाचेपर्यंतच मोजा, कारण पापलेटाच्या शेपटीची टोकं लांब असतात आणि ती धरली की पिल्लूही मापात बसतं. बोंबील वीतभर. बांगडा वितेला बोट-दीड बोट कमी चालेल. सुरमई कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात आणि वर एक वीत.

सुरमई कापलेली घेत असाल तर तुकडी पाहा. ७० सेंमीची सुरमई अडीच-तीन किलोची असते आणि तिच्या मधल्या भागाची तुकडी पाठीपासून पोटापर्यंत तळहाताच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी दिसते. तीन-चार बोटं उंचीची गोल तुकडी अर्धा-पाऊण किलोच्या माशाची, ती सोडा. अपवाद एकच: अंगावर आडव्या पट्ट्यांऐवजी गोल ठिपके असलेली सुरमई ही वेगळी जात, ती ४० सेंमीच्या आसपास वयात येते. म्हणून कापण्याआधी अख्खा मासा बघायला मागा.

मापाच्या नियमाने खरंच काही होतं का, अशी शंका येते. केरळने हे आपल्या आधी केलं, २०१५ मध्ये १४ जातींपासून सुरुवात करून. तिथल्या राणी माशावर सीएमएफआरआयने नंतर अभ्यास केला, तेव्हा पिल्लं पकडणं कमी झाल्यावर उत्पादन ४१ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. उलटा धडाही तिथलाच आहे. केरळात तारली २०१२ साली जवळजवळ चार लाख टन मिळाली आणि २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. समुद्राचं तापमान आणि एल निनो ही मोठी कारणं होतीच, पण साठा आधीच खालावलेला असताना पिल्लं उपसली गेली, त्यामुळे तो लवकर सावरला नाही.

उत्तर २
वावरी

मापाबद्दल वर लिहिलंय ते बरोबर, एक भर घालतो. 'बारीक मासळी' आणि 'पिल्लू' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांदेली, तारली, मुडदुशी, जवळा हे मुळातच लहान जीव. पूर्ण वाढलेली मांदेली जेमतेम वीतभर होते. असे मासे लवकर वाढतात, लवकर विणतात, आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्यांच्यावर ताण कमी पडतो आणि साठा लवकर भरून निघतो. उलट घोळ, मोठी सुरमई, वाम यांना वयात यायला वेळ लागतो.

मग वाट्यात पिल्लं आहेत हे कळायचं कसं? वाटा एकजिनसी आहे का ते बघा. नुसती मांदेली, सगळी साधारण एका मापाची, तर ठीक. पण त्याच वाट्यात बोटभर पापलेट, बोटभर ढोमा, पट्टीसारखी बारीक वाकटी, नखाएवढी माकुल असं मिसळलेलं असेल, तर तो बारीक आसाच्या (आस म्हणजे जाळ्याचं भोक) जाळ्यातून आलेला माल. स्वस्त मिळतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात महाग पडतो. त्यातलं जे पापलेट जगलं-वाढलं असतं, त्याचं पुढे मोठं पापलेट झालं असतं. गिऱ्हाईक नसेल तर हाच माल फिशमीलच्या, म्हणजे माशांच्या भुकटीच्या, कारखान्यात जातो, हेही खरं. पण ताटात घेऊन त्याला जास्तीचा भाव देणं हा त्यावरचा उपाय नाही.

आता जाळ्यांबद्दल, कारण मापाइतकाच फरक त्याने पडतो.

वावरी, म्हणजे गिलनेट. पाण्यात उभ्या पडद्यासारखी असते. एका मापाच्या आसातून लहान मासा निघून जातो, फार मोठ्याचं डोकं शिरत नाही, मधल्या मापाचा कल्ल्यापाशी अडकतो. म्हणून ही निवडक मासेमारी. पापलेटासाठी पालघरकडची, सातपाटीची ओळख याच जाळ्याची. वावरीचा मासा ओळखता येतो: कल्ल्याच्या मागे अंगाभोवती दोऱ्याचा वळ दिसतो, त्या रेषेवरचे खवले उडालेले असतात, बाकीचं अंग शाबूत. काम बिघडतं ते आस बारीक केला की, किंवा तुटलेलं नायलॉनचं जाळं समुद्रातच राहिलं की. ते पुढे वर्षानुवर्षं मासे मारत राहतं.

डोल. बोंबील, मांदेली, जवळा याचं जाळं. नरसाळ्यासारखी लांब पिशवी भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड धरून रोवतात. पाणी वाहतं आणि त्याबरोबर मासळी आत येते. तळ खरवडत नाही, ओढायला डिझेल जळत नाही, ही जमेची बाजू. पण शेवटच्या पिशवीचा आस फार बारीक असला तर किनाऱ्याजवळ वाढणारी पापलेटाची पिल्लं ढिगाने येतात. म्हणून डोलीचा बोंबील घ्या, पण वीतभर घ्या. वीतभर बोंबलाला गिऱ्हाईक मिळालं की बारीक आसाचा फायदा उरत नाही.

ट्रॉल. तळावरून ओढतात. कोळंबीसाठी ओढलं तरी तळावरचं सगळंच येतं, कोळंबीच्या कितीतरी पट. तिथे आसाच्या आकाराला फार महत्त्व आहे. हिऱ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी आस ओढीतही उघडा राहतो. त्यासाठीच शेवटच्या पिशवीला ४० मिमी चौकोनी आस हवा असं सांगतात. ट्रॉलचा मासा बहुतेकदा चेपलेला, खवले झिजलेला, पोट मऊ पडलेला असतो, कारण तो तासन्‌तास इतरांच्या वजनाखाली दबलेला असतो.

पर्ससीन. बांगडा-तारलीचा अख्खा थवा वेढून घेतं. महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच ठेवला. हा आदेश राज्याच्या हद्दीपुरता, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत. एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्यावर केंद्राने नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे, कारण उजेडाकडे थवा येतो तो पिल्लांसकट. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापणीचा बांगडा मिळत असेल तर तो जरूर घ्या. किनाऱ्यावरून माणसांनी हाताने ओढलेलं जाळं, मिळकत साऱ्या रापणकरांत वाटली जाते.

गळाचा मासा सगळ्यात उत्तम. जबड्यात गळ रुतल्याची भोकासारखी जखम दिसते, अंगाला ओरखडाही नसतो. मोठी सुरमई, दाढा, तांबोशी असे मिळतात. भाव जास्त असतो, तो द्यावा.

विचारताना 'सस्टेनेबल आहे का' असं विचारू नका. 'कुठल्या बंदराची, कुठल्या जाळ्याची, बोट किती दिवसांनी आली?' असं विचारा. ज्या मावशी स्वतः बंदरावर लिलावातून माल उचलतात त्यांना हे पाठ असतं. उत्तर देता आलं नाही तर माल तीन-चार हातांतून आलाय एवढं तरी कळतं.

उत्तर ३
कालवंवाली

गाभोळीचं उत्तर मासा कोणता यावर आहे, सरसकट हो-नाही नाही.

बांगडा, बोंबील, पापलेट, सुरमई यांची मादी एका हंगामात हजारो-लाखो अंडी सोडते, आणि त्यातली फारच थोडी जगतात. अशा माशाच्या पोटात गाभोळी सापडली म्हणजे तो निदान वयात आलेला आहे. तो पकडणं आणि त्याच मापाचा गाभोळी नसलेला प्रौढ मासा पकडणं यात साठ्याच्या हिशेबाने फार फरक नाही. पिल्लू पकडण्यापेक्षा तर नक्कीच कमी नुकसान. मात्र मासे विणायला जिथे एकत्र जमतात तिथे जाऊन अख्खा जमाव उचलणं घातक. घोळीचं दुखणं हेच. तिच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, प्रचंड भाव. त्यासाठी थवाच्या थवा गाठतात. घोळ मी सुचवणार नाही. नुसती सुटी गाभोळी किलोवर विकत घेणंही टाळा, कारण त्यातून गाभोळीसाठीच मासेमारी सुरू होते.

चिंबोरी आणि शेवंड यांचा नियम वेगळा. यांची मादी फळलेली अंडी पोटाखाली बाहेर चिकटवून वागवते. चिंबोरी उलटी करा: पोटावरची झापड अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद, अर्धगोल असेल तर मादी. झापडेखाली पिवळट, नारिंगी किंवा काळपट दाण्यांचा स्पंजासारखा घोस दिसला तर ती घ्यायची नाही, जिवंत असेल तर विकणाऱ्याला परत पाण्यात सोडायला सांगायचं. हा घोस म्हणजे कवचातली लाख नव्हे. लाख अजून आतली, न घातलेली अंडी. शक्य असेल तर नर चिंबोरीच मागा. नांग्या मोठ्या, मांस जास्त. हलकी, पोकळ लागणारी चिंबोरी नुकती कात टाकलेली असते, तिच्यात पाणीच भरलेलं, पैसे फुकट जातात.

शेवंडीची शेपटी उलटून तसंच पाहायचं. निर्यातीसाठी चिखली शेवंडीला ३०० ग्रॅमची किमान मर्यादा आहे, घरच्या खरेदीलाही तीच लावा. मुंबईत सपाट डोक्याच्या शेवंडीची मासेमारी १९७० च्या दशकाअखेर ट्रॉलमुळे वाढली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपली. अंडी वागवणाऱ्या माद्या सर्रास उचलल्या गेल्या हे त्याचं मोठं कारण. ज्या मादीच्या पोटाखाली हजारो अंडी आहेत, ती पाण्यात परत गेली तर दुसऱ्या दिवशीपासून ती कामी येतात. इतकं थेट फळ दुसऱ्या कुठल्याच माशात मिळत नाही.

मोरी, मुशी, पाकट (शार्क आणि त्यांचे भाऊबंद) यांच्याबाबत मी कडक आहे. यांना अंडी नव्हे, बहुतेकांना पिल्लंच होतात, तीही मोजकी. काहींना वयात यायला कित्येक वर्षं लागतात. एकदा साठा खाली गेला की वर येत नाही. काही जाती, उदाहरणार्थ व्हेल शार्क आणि करवत मासा, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्या पकडणं-विकणं गुन्हा आहे, आणि पुढे आणखी जातींची भर पडली. सोललेल्या तुकड्यावरून जात कळणं अशक्य. छोटी मुशी त्यांतल्या त्यात लवकर वाढते, पण बाजारात सोलून तुकडे केलेलं असेल तर घेऊच नका. बाळंतिणीला मोरी देण्याची रीत आहे हे ठाऊक आहे. मोठ्या शार्कच्या मांसात पारा साठतो, तेव्हा तिच्यासाठी तरी मुडदुशी किंवा बांगडा अधिक बरा.

उत्तर ४
तळ्याकाठी

बंदीच्या दिवसांतल्या मासळीबद्दल.

महाराष्ट्र आणि गोव्यात यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. पूर्व किनाऱ्याची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आंध्र, तमिळनाडू, ओडिशाची मासळी कायदेशीरपणे आपल्या बाजारात येऊ शकते. बिनयांत्रिक होड्यांना बंदी नाही, त्यामुळे खाडीची थोडी मासळी असते. उरलेली शीतगृहातली. 'आजचीच, इथलीच' म्हणून जुलैत मोठं पापलेट कुणी दाखवलं तर ते एकतर बाहेरचं, नाहीतर वितळवलेलं, नाहीतर बंदी मोडून आणलेलं. वितळवलेल्याचे डोळे धुरकट, मांस स्पंजासारखं, दाबलं की पाणी सुटतं. तिन्हींत घ्यायचं कारण नाही.

या दोन महिन्यांसाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची सोय आहे: सुके बोंबील, जवळा, सोडे, सुका बांगडा. एप्रिल-मेमध्ये घ्या, कडक उन्हात अजून एक दिवस तापवा, हवाबंद डब्यात भरा. वलांडीवर टांगून सुकवलेला बोंबील वाळूत पसरलेल्यापेक्षा स्वच्छ असतो. मोडल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे, वाकला तर ओल आहे आणि पावसाळ्यात बुरशी धरेल. लालसर-गुलाबी डाग दिसले तर टाकून द्या. घेताना तिथेही मापाचा नियम पाळा, बोटभर सुका बोंबील म्हणजे पिल्लूच.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. पहिल्या पावसाला ओढ्या-शेतांत चढणारे वलगणीचे मासे पकडायची आणि विकत घ्यायची हौस कोकणात, रायगड-ठाण्यात मोठी. ते मासे चढतात ते अंडी घालायला, आणि सगळे एकाच अरुंद वाटेने, दोन-चार दिवसांत. तिथे जाळं किंवा सापळा लावला की त्या ओढ्याची वर्षभराची वीण एका रात्रीत जाते. समुद्राची बंदी पाळून वलगणीवर ताव मारला तर हिशेब जमत नाही. त्या काळात गोड्या पाण्यातलं हवंच असेल तर तळ्यात वाढवलेले रोहू, कटला घ्या. हे वनस्पती आणि सूक्ष्म जीवांवर वाढतात, खाद्यात माशांचा चुरा फारसा लागत नाही. अलिबागकडचा तळ्यातला जिताडा चवीला उत्तम, पण तो शिकारी मासा, त्याला दुसरे मासे खाऊ घालावे लागतात; अधूनमधून ठीक.

कोळंबीचं असं. समुद्रातली कोळंबी स्वतः वर्षभरात वाढून विणते, तिचा साठा तसा दणकट; अडचण तिला पकडणाऱ्या ट्रॉलची. तळ्यातली बहुतेक कोळंबी म्हणजे व्हेनामी. मूळची मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्याची, भारतात २००९ पासून व्यापारी पातळीवर वाढवायला परवानगी. ओळख सोपी: फिकट पांढुरकी, साल पातळ, सगळ्या एका मापाच्या, बाराही महिने. एक किलोला साधारण सव्वा ते दीड किलो खाद्य लागतं आणि त्यात फिशमील असतं, म्हणजे समुद्रावरचा भार सुटत नाही. तलाव खारफुटी तोडून केला असेल, घाण पाणी न गाळता खाडीत सोडलं असेल, रोग आला म्हणून प्रतिजैविकं घातली असतील तर आणखी वाईट. किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या तलावाचा माल, पाकिटावर उत्पादकाचं नाव आणि बॅच क्रमांक असलेला, तेवढाच घ्यावा. दोन्हींमध्ये निवडायचं तर मी डोलीत किंवा खाडीतल्या लहान जाळ्यात मिळालेली हंगामी कोळंबी पहिली धरेन, नोंदणीकृत तलावाची दुसरी, ट्रॉलची शेवटी. आणि महिन्यात चारदा होत असेल तर दोनदावर आणा.

शिंपल्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. शिनाणे, कालवं, तिसऱ्या पाणी गाळून खातात, खाद्य घालावं लागत नाही, पाणी उलट स्वच्छ होतं. सिंधुदुर्गात मँग्रोव्ह फाउंडेशनच्या योजनेतून बचतगट शिनाणे आणि कालवं वाढवतात. अट एकच, जागा स्वच्छ हवी. सांडपाण्याच्या खाडीतल्या तिसऱ्या नकोत, कारण जे गाळलं ते त्यांच्यातच साठतं. तिसऱ्या आणल्यावर लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम मीठ घालून तीन-चार तास ठेवा, वाळू सुटते. टिचकी मारल्यावर न मिटणारी आणि शिजल्यावर न उघडणारी टाका. नखाएवढ्या तिसऱ्या घेऊ नका.

उत्तर ५
मस्कतकर

लेबलबद्दल. निळ्या रंगाचं एमएससीचं (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल, जपून केलेल्या मासेमारीला प्रमाणपत्र देणारी संस्था) चिन्ह जगभर चालतं. भारतात ते पहिल्यांदा मिळालं २०१४ मध्ये, केरळातल्या कोल्लमजवळच्या अष्टमुडी तळ्यातल्या तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांना. तिथे डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढायचे नाहीत हा नियम पाळतात. पण तो माल मुख्यतः निर्यातीचा. आपल्या पापलेट-बोंबलावर असं चिन्ह शोधू नका, मिळणार नाही. त्याऐवजी 'नो युअर फिश' या गटाची पश्चिम किनाऱ्यासाठीची महिनावार यादी आहे, कोणत्या महिन्यात कोणता मासा विणीत आहे आणि टाळावा हे त्यात कळतं.

परदेशातल्यांसाठी थोडं. ओमानमध्ये सुरमईला, इथे तिला कनद म्हणतात, १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंदी असते आणि किमान माप ६५ सेंमी. वर दिलेल्या सत्तरच्या आकड्याच्या जवळ. त्या दोन महिन्यांत 'ताजी सुरमई' घेऊ नका. युरोपात ताज्या आणि गोठवलेल्या माशाच्या लेबलवर शास्त्रीय नाव, पकडलेला भाग आणि जाळ्याचा प्रकार लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. भाग ५१ लिहिलं असेल तर तो हिंदी महासागराचा पश्चिम भाग, अरबी समुद्र त्यातच. अमेरिकेत माँटेरे बे ॲक्वेरियमची 'सीफूड वॉच' ही मोफत शिफारस यादी वापरा.

चिन्ह कायमचं नसतं हेही ध्यानात ठेवा. बांगड्याऐवजी तिकडचे मराठी लोक जो ईशान्य अटलांटिकचा मॅकरेल घेतात, त्याचं एमएससी प्रमाणपत्र २०१९ मध्ये स्थगित झालं, कारण देशांनी आपापसांत वाटे न ठरवता जास्त मासेमारी केली. चिन्ह पाकिटावर आजही आहे का ते दर वेळी पाहा.

पुन्हा प्रश्न
पाटावरवंटा, ठाणे

वीत आणि वाट्याची खूण लगेच वापरता येईल. मुशी बंद. आता स्वयंपाकाचं: घरात काटे नको म्हणून सुरमई-पापलेटावरच सगळे अडतात. त्यांच्या जागी काय आणू? आणि बांगडा-तारली एका दिवसात वास मारते, ते कसं सांभाळायचं?

उत्तर ६
वावरी

काट्याला घाबरणाऱ्यांसाठी आधी मुडदुशी. मधला एकच काटा, मांस पांढरं, तव्यावर रवा लावून तळली की पापलेट आठवत नाही. लेपा तसाच, मात्र कातडी सोलून घ्यायची. सुरमईच्या तुकडीऐवजी कुपा: मांस लाल आणि कोरडं, म्हणून तळू नका. तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून, रक्त निथळून, चिंच-मिरचीच्या दाट रश्शात शिजवा. वाकट्यांना खवले नसतात; चांदीसारखा मुलामा चाकूच्या पाठीने खरवडा, पाठीवरचा पर शेपटीकडून डोक्याकडे कापत काढा, चार बोटांचे तुकडे. मांदेलीचं डोकं खाली ओढलं की पोटातलं सगळं त्याबरोबर येतं. कडक तळली की काटा कळत नाही. माकुल, म्हाकुळ वर्षभरात वाढणारे जीव, काटा नाहीच. पण नखाएवढे नकोत, आणि शिजवायचे ते दोन मिनिटं, नाहीतर पाऊण तास. मधल्या वेळेत रबर होतात.

बांगड्याला नुसता वासच नाही, धोका आहे. बांगडा, तारली, कुपा उबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, ते शिजवूनही जात नाही आणि खाल्ल्यावर अंग लाल होतं, डोकं दुखतं, पुरळ येतं. बाजारात जाताना थर्माकोलचा छोटा डबा आणि माशाइतक्याच वजनाचा बर्फ न्या. बर्फाचा चुरा खाली आणि वरही, डब्याला पाणी निथळायला जागा. घरी पोचल्यावर तासाभरात कल्ले आणि आतडी काढा, पोटातला काळा पडदा खरवडा, धुवा, पुसून कोरडे करा. फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात एक दिवस, फार तर दीड. गोठवायचे तर एका वेळेपुरती पाकिटं, हवा काढून, उणे १८ अंशांवर. तेलकट मासा असल्याने दोन-तीन महिन्यांत संपवा, नाहीतर चरबी खवट होते.

चौघांसाठी सहा बांगडे पुरतात. तिरफळाच्या आमटीत आठ-दहा तिरफळं, ठेचून, बी काढून. बांगडे उकळी आल्यावर सोडायचे, सात-आठ मिनिटं, झाकण न ठेवता. डोकी टाकू नका, रस्सा त्यांच्यावरच धरतो.